हरिकेन इंजिनासाठी बाजारात मिळणारा नवा डेल्को: घ्यावा का, आणि घेतला तर बसवावा कसा

महिंद्राचा एफसी-१५० ट्रक किंवा हरिकेन इंजिनाची जीप अजून पेट्रोलवरच ठेवली असेल, तर डिस्ट्रिब्युटर म्हणजे आपला डेल्को, प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला वेळेवर ठिणगी वाटणारा भाग, कधी ना कधी कुरकुरतोच. नाशिकमध्ये त्यावर तीन इलाज मिळतात. एक, स्पेअर पार्टच्या दुकानातून नवा अख्खा डेल्को आणायचा. दोन, जुन्याला लेथवर नवे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळ्या) घालून घ्यायचे. तीन, पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे छोटे संपर्क) काढून टाकून इलेक्ट्रॉनिक किट बसवायचं. हा लेख मुख्यतः पहिल्या इलाजाबद्दल आहे. साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, कंपनीचं नाव नसलेला, ‘जीप ४ सिलिंडर’ एवढाच शिक्का मारलेला जो डेल्को विकला जातो, त्याबद्दल.

निकाल आधीच सांगतो. बॉडी आणि शाफ्ट घेण्यासारखे आहेत. पॉइंट आणि कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारी छोटी डबी) काढून फेका. कॅप (प्लगच्या तारा लागतात ते वरचं झाकण) आणि रोटर (तिच्या आत फिरून एकेका तारेला करंट देणारा तुकडा) पावसाळा येईपर्यंत चालतात. ‘नवा टाकला तरी गाडी चालू होत नाही’ ही जी तक्रार ऐकू येते, तिच्यात दहातल्या सात-आठ वेळा दोष मालाचा नसतो, बसवणाऱ्याचा असतो.

यात बसवणाऱ्यालाही फार बोल लावता येत नाही. नाशिक हे डिझेलचं गाव. सातपूरला मायकोने, म्हणजे आताच्या बॉशने, वर्षानुवर्षं नोझल आणि इंजेक्टर बनवले, महिंद्राचा कारखानाही तिथेच. त्यामुळे पंप-नोझलचा हात असलेला माणूस कोणत्याही नाक्यावर सापडेल. फिलर गेज (बारीक अंतर मोजायच्या पट्ट्या) घेऊन पॉइंट लावणारे मात्र आता थोडे उरलेत, आणि जे आहेत ते बहुतेक साठीच्या पुढचे. तरुण मेकॅनिक डेल्को गोल फिरवत राहतो, इंजिनाने आवाज धरला की बोल्ट आवळतो आणि गाडी हातात देतो.

दुकानात जाताना जुना डेल्को पिशवीत घालून न्या. ‘इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सगळीकडे लावलेली असते, म्हणून जे बघायचं ते काउंटरवरच बघून घ्यायचं. सगळ्यात आधी शाफ्टच्या खालची जीभ पाहा. या इंजिनात डेल्को सरळ कॅमशाफ्टवरून फिरत नाही. कॅमशाफ्टचा गिअर ऑइल पंपाचा शाफ्ट फिरवतो, त्या शाफ्टच्या टोकाला खाच असते आणि डेल्कोची जीभ त्या खाचेत बसते. जीभ बरोबर मध्यावर नसते, किंचित एका बाजूला सरकलेली असते, म्हणून डेल्को एकाच स्थितीत आत बसतो. जीभेची कॉलर शाफ्टला पिनने धरलेली असते. नकली मालात ही पिन अर्धा फेरा उलटी ठोकलेली सापडते. जुना आणि नवा शेजारी शेजारी धरा, दोन्हींच्या जीभा एकाच बाजूला करा आणि रोटर कुठे पाहतात ते बघा. एक पूर्वेला आणि दुसरा पश्चिमेला असेल तर दुसरं खोकं उघडायला सांगा.

मग शाफ्टचं टोक चिमटीत धरून आडवं हलवा. नव्या मालात बोटाला जाणवेल इतकाही प्ले, म्हणजे ढिलेपणा, चालणार नाही. पॉइंटचं अंतर असतं जेमतेम ०.५ मिमी. शाफ्ट ०.१ मिमी जरी डगमगला तरी ते अंतर पाचव्या हिश्शाने हलतं आणि चारही सिलिंडरचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, वेगवेगळं होतं. या खोक्यातल्या मालाचं कौतुक इथेच करावं लागेल, बुश घट्ट असतात. शाफ्ट धरून रोटर घड्याळाच्या उलट दिशेला पिळा, सोडला की स्प्रिंगने झटकन मागे यायला हवा. जागच्या जागी थांबला तर आत वेगाप्रमाणे टायमिंग पुढे नेणाऱ्या वजनांना गंज आहे किंवा स्प्रिंग निसटली आहे. शेवटची नजर आतल्या प्लेटपासून बॉडीपर्यंत जाणाऱ्या छोट्या अर्थच्या वायरीवर टाका. ती अर्धवट तुटकी असेल तर गाडी ॲक्सिलरेटर दाबला की मिसिंग करते, आणि हा दोष शोधताना लोक कार्बोरेटर तीनदा उघडतात.

पॉइंट का फेकायचे? त्यांचे तोंडाचे चकते एकमेकांवर सपाट टेकत नाहीत, कडेला टेकतात. त्यामुळे ठिणगीने एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा लवकर तयार होतो. कंडेन्सर ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरडच्या आसपास हवा, मल्टिमीटरवर सहज मोजता येतो. खोक्यातला कंडेन्सर गरम झाला की दगा देतो. थंड गाडी गोड चालते, पंधरा-वीस किलोमीटरनंतर झटके देऊ लागते आणि पॉइंट उघडून पाहिले तर निळे-काळे पडलेले. चांगल्या कंपनीचा पॉइंट-कंडेन्सरचा सेट वेगळा विकत घ्या, तो खर्च धरूनच या डेल्कोची किंमत मनात ठरवा.

नवा सेट बसवताना बॉडीच्या बाजूच्या स्क्रूवरचे फायबरचे वॉशर कोणत्या क्रमाने आहेत ते नीट बघून ठेवा. कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाची) वायर, पॉइंटची स्प्रिंग आणि कंडेन्सरची वायर, या तिघींनी एकमेकींना टेकायचं असतं, पण बॉडीला कुठेही नाही. एक वॉशर आतऐवजी बाहेर गेला की करंट कायमचा अर्थ होतो आणि ठिणगीच येत नाही. तपासणी सोपी आहे. पॉइंटच्या मधे कागदाची चिठ्ठी घाला आणि मल्टिमीटर स्क्रू व बॉडीला लावा. बीप वाजता कामा नये. चिठ्ठी काढून पॉइंट मिटले की वाजला पाहिजे. कॅमला मसुराच्या दाण्याएवढं ग्रीस, रोटरच्या खालच्या फेल्टवर इंजिन ऑइलचे दोन थेंब. जास्त ऑइल पॉइंटवर उडतं आणि जळून काळं पडतं.

आता बसवण्याकडे. एफसीचं इंजिन केबिनच्या आत, दोन सीटच्या मधल्या डब्याखाली असतं. डबा उचलला की वरून काम करता येतं, पण डेल्को उजव्या बाजूला खाली असल्यामुळे मान वाकवावी लागते. बॅटरीची वायर आधी काढा. जुना डेल्को उतरवण्यापूर्वी कॅप काढून रोटर कुठे पाहतो त्याची खूण बॉडीच्या कडेवर करा, बॉडी ब्लॉकवर कशी बसली आहे त्याची खूण ब्लॉकवर करा, आणि मग इंजिनाला हात लावू नका. एवढं पाळलं तर पुढचं निम्मं काम वाचतं. पण बहुतेक वेळा गाडी आपल्याकडे येते तेव्हा कोणीतरी आधीच डेल्को काढलेला असतो, तारा उपटलेल्या असतात आणि स्टार्टरही मारून झालेला असतो. मग शून्यातून सुरुवात.

चारही प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. १ नंबरच्या भोकावर अंगठा दाबून धरा आणि दुसऱ्याला हँडल हळू फिरवायला सांगा. अंगठा बाहेर ढकलला गेला की कॉम्प्रेशन सुरू झालं. तिथून पुढे पुलीवरची खाच टायमिंग कव्हरवरच्या खुणेपाशी आणायची. काही जुन्या इंजिनांत या खुणा फ्लायव्हीलवर असतात आणि बेल हाउसिंगचं छोटं झाकण सरकवून बघाव्या लागतात. खाच टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या खुणेवर) नव्हे, ५ अंश आधीच्या खुणेवर थांबवायची. पुढे गेली तर तशीच मागे आणू नका, पाव फेरा मागे घेऊन पुन्हा पुढे या, नाहीतर टायमिंग गिअरमधला ढिलेपणा मापात मिसळतो.

अंगठ्यावर विश्वास नसेल तर रॉकर कव्हर उघडा. हरिकेनसारख्या एफ-हेड इंजिनात वर फक्त इनटेकचे रॉकर असतात, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. १ नंबर कॉम्प्रेशनवर असेल तर त्याच्या इनटेक रॉकरला ढिलाई जाणवते आणि ४ नंबरचा इनटेक नुकताच उघडायला लागलेला असतो. उलट दिसलं तर अजून एक पूर्ण फेरा द्यायचा आहे. क्रँकच्या दोन फेऱ्यांत डेल्को एकदा फिरतो, आणि पुलीची खूण दर फेऱ्याला समोर येते. अर्ध्या लोकांची फसगत इथेच होते.

डेल्को आत सोडा आणि रोटर बोटाने हलका डावी-उजवीकडे फिरवा. जीभ खाचेत पडली की ‘टक’ करून बॉडी शेवटचे काही मिलिमीटर खाली बसते. बॉडीच्या खाली फट राहिली असेल तर बोल्ट आवळून ती बंद करायला जाऊ नका. क्लॅम्पची पट्टी वाकते किंवा बॉडीचा कान तुटतो, आणि नव्या मालाची ओतीव बॉडी याबाबतीत जुन्यापेक्षा ठिसूळ आहे. इंजिनाच्या उजव्या बाजूने कॅपकडे समोरून पाहिलं, तर रोटर साधारण घड्याळातल्या ५ च्या जागी हवा. मूळ मांडणीत १ नंबरच्या तारेचं टॉवर तिथे असतं.

रोटर भलतीकडेच पाहत असेल तर दोष डेल्कोत शोधू नका. ऑइल पंप कधीतरी उतरवला गेलाय आणि परत बसवताना दात चुकलाय. पंप डाव्या बाजूला, डेल्को उजव्या बाजूला, त्यामुळे दोन्हींचा संबंध पटकन लक्षात येत नाही. पंपाची गळती थांबवायला गेलेली गाडी टायमिंग बिघडून परत येते ती अशी. बरोबर करायचं तर डेल्को बाहेर, पंप बाहेर, १ नंबर कॉम्प्रेशनवर आणि खुणा जुळलेल्या. पंप परत ढकलताना त्याच्या शाफ्टची खाचेच्या बाजूची रुंद कड वरच्या दिशेला ठेवा. डेल्कोच्या भोकातून लांब स्क्रूड्रायव्हर घालून खाच साडेनऊच्या काट्यावर आणा. पंप आत सरकताना गिअर तिरके असल्यामुळे खाच फिरते आणि पूर्ण बसल्यावर अकराच्या जागी येऊन थांबते. टॉर्च लावून खात्री करा, मगच पंपाचे बोल्ट आवळा.

हे सगळं टाळून नुसत्या तारा एक-एक घर पुढे सरकवूनही गाडी चालते, आणि पुष्कळ गाड्या तशाच चालल्यात. पण पुढच्या मेकॅनिकला ते माहीत नसतं, आणि एका दाताचा फरक असेल तर बॉडी फिरवायला जागा उरत नाही, ती ब्लॉकला किंवा तारेला अडते. पंप काढायचा कंटाळा आला असेल तर निदान कॅपवर रंगाने १ नंबर लिहून ठेवा.

यापुढे पॉइंटचं अंतर. कॅमच्या उंचवट्यावर फायबरचा ठोकळा आणून ०.०२० इंच, म्हणजे ०.५ मिमी ठेवा. ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) मोजायचा मीटर असेल तर ४२ अंश. हे टायमिंगच्या आधीच करायचं, नंतर नाही. अंतर वाढवलं की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं, म्हणजे ठिणगी लवकर पडते. ड्वेल एका अंशाने बदलला की क्रँकच्या मापात टायमिंग सुमारे एक अंशाने सरकतं. जो मेकॅनिक टायमिंग लावल्यानंतर ‘जरा पॉइंट बघतो’ म्हणून स्क्रू ढिला करतो, त्याने मघाचं काम पुसून टाकलं असं समजा.

टायमिंगला स्ट्रोब (ठिणगीबरोबर लुकलुकून फिरती खूण दाखवणारा दिवा) लागतोच असं नाही, १२ व्होल्टचा छोटा बल्ब पुरतो. एक वायर कॉइलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. बॅटरी जोडा, चावी चालू करा. पॉइंट मिटलेले असताना बल्ब बंद राहतो, उघडले की पेटतो. क्लॅम्प एवढाच ढिला ठेवा की बॉडी हाताने फिरेल. या इंजिनात रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. म्हणून बॉडी आधी घड्याळाच्या उलट दिशेला फिरवून बल्ब विझवा, मग घड्याळाच्या दिशेने अगदी हळू आणा आणि बल्ब पेटेल त्या क्षणी थांबा. हे करताना दुसऱ्या हाताच्या बोटाने रोटर घड्याळाच्या दिशेला हलका दाबून धरा, म्हणजे जीभ-खाचेतला ढिलेपणा एका बाजूला जातो. क्लॅम्प आवळताना बॉडी जवळजवळ नेहमीच थोडी सरकते, म्हणून आवळल्यावर हँडलने इंजिन दोन फेरे फिरवून बल्ब बरोबर ५ अंशांच्या खुणेवर पेटतो का ते परत बघा. डेल्को क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो, तेव्हा बॉडी १ अंश सरकली तर टायमिंग २ अंशांनी हलतं. ‘जराशी’ फिरवणं म्हणजे किती, हे त्यावरून कळावं. चावी चालू ठेवून चहाला जाऊ नका, पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापते.

तारा: रोटरसमोरचं टॉवर १ नंबरचं, तिथून घड्याळाच्या उलट दिशेने १-३-४-२. प्लगचा गॅप ०.०३० इंच.

इंजिन चालू झाल्यावर स्ट्रोब असेल तर ६०० आरपीएमच्या आसपास खूण पाहा. डेल्कोला व्हॅक्यूमचा डबा असेल तर त्याची नळी काढून तोंड बंद ठेवा. मग ॲक्सिलरेटर वाढवा. खूण सलगपणे पुढे सरकली आणि सोडल्यावर जागेवर आली तर वजनं बरोबर काम करतात. खूण जागच्या जागी थरथरत असेल तर बुश किंवा टायमिंग गिअर. या खोक्यातल्या मालात स्प्रिंग जरा नरम असतात, वजनं लवकर उघडतात, म्हणून जुन्या डेल्कोच्या स्प्रिंग चांगल्या असतील तर त्याच इकडे लावाव्यात.

रस्त्यावर तपासताना नाशिकची उंची विसरू नका. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी. दाब कमी म्हणजे सिलिंडरमध्ये हवा कमी आणि खटखट (लोडवर इंजिनातून येणारा ठोक्यांचा आवाज) उशिरा. कानाने टायमिंग पुढे ओढलेली गाडी गंगापूर रोडला छान पळते आणि भिवंडीहून लोड भरून परत येताना कसारा घाटाच्या पायथ्याशी वाजायला लागते. त्यात या इंजिनाचं कॉम्प्रेशन ७ च्या आसपास, आणि आजचं पेट्रोल त्या काळापेक्षा जास्त ऑक्टेनचं. त्यामुळे टायमिंग दोन-तीन अंश पुढे असलं तरी कानाला समजत नाही. आवाज येत नाही म्हणजे टायमिंग बरोबर, हा हिशोब इथे चुकतो. मापाने ५ अंशांवर लावा, आणि घाटात लोडवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ऐका.

बाकी लक्षणं ओळखीची आहेत. स्टार्टर मारताना इंजिन उलटा झटका देत असेल, हँडल हाताला बसत असेल, तर टायमिंग फार पुढे. हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, मनगट वाचतं. सायलेन्सरमध्ये फटाके, ओढ नाही आणि पाणी उकळतंय, तर मागे. कार्बोरेटरमधून तोंडावर जाळ येतोय आणि चालूच होत नाही, तर अर्धा फेरा उलटं किंवा दोन तारांची अदलाबदल. इंजिन अधूनमधून फटफटतं पण धरत नाही, तर ३ आणि २ च्या तारा आधी बघा, घड्याळाच्या दिशेने लावल्या की नेमक्या त्या दोनच चुकतात.

कॅपबद्दल वर पावसाळ्याचं म्हटलं ते इगतपुरी-घोटीकडे गाडी जाणाऱ्यांसाठी. खोक्यातल्या कॅपचं बेकलाईट हलकं आहे. ओल धरली की आतून दोन टॉवरच्या मधे पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसते. करंट त्या रेघेवरून पळतो, पुसून ती जात नाही, कॅप बदलावीच लागते. जुनी कॅप शाबूत असेल आणि तिच्या मधला कार्बन स्प्रिंगवर मोकळा खालीवर होत असेल, तर जुनीच वापरा.

दुसऱ्या दोन इलाजांशी तुलना करायची तर, जुन्या डेल्कोची बॉडी चांगल्या कंपनीची असेल आणि कॅमवर झीज नसेल तर सातपूर-अंबडच्या एखाद्या चांगल्या लेथवाल्याकडून पितळी बुश करून घेणं नव्यापेक्षा स्वस्तही पडतं आणि टिकतंही जास्त. अट एकच, बुश ठोकल्यावर रीमर फिरवायला हवा. नुसतं ठोकून पॉलिश पेपर मारणाऱ्याकडे देऊ नका, शाफ्ट गरम होऊन जाम होतो आणि सगळी झीज ऑइल पंपाच्या खाचेवर जाते. कॅमचे उंचवटे झिजलेले असतील, म्हणजे चारही उंचवट्यांवर अंतर सारखं येत नसेल, तरच नवा घ्या.

इलेक्ट्रॉनिक किट शहरात फिरणाऱ्या जीपला ठीक. पण बुश गेलेल्या डेल्कोत किट टाकून दोष झाकला जातो, जात नाही, सेन्सरचं अंतरही शाफ्टबरोबरच डगमगतं. पेठ-सुरगाण्याकडे माल नेणाऱ्या ट्रकला मी किट सुचवणार नाही. पॉइंट बिघडले तर रस्त्यात कानशीने घासून घरी येता येतं, किट गेलं तर टोइंगच. दोन्हींमध्ये कॉइल मात्र तपासून घ्या. रेझिस्टर नसलेल्या वायरिंगला प्रायमरी (पॉइंटकडच्या करंटची आतली गुंडाळी) सुमारे ३ ओहमची असलेली कॉइल लागते. दुकानात दीड ओहमची पुढे केली जाते, ती रेझिस्टरसोबत वापरायची असते. तशीच जोडली की कॉइल तापते आणि नवे पॉइंट काही दिवसांतच जळतात. मग दुकानदार म्हणतो डेल्को खराब बसवला, मेकॅनिक म्हणतो माल खराब. मल्टिमीटर लावून बिलाआधीच मोजून घ्या. आणि नवा डेल्को घेताना जुना त्याच काउंटरवर ‘एक्स्चेंज’मध्ये देऊ नका, त्याची क्लॅम्पची पट्टी, स्प्रिंग आणि कॅप तुम्हाला घरी पोहोचायच्या आतच लागणार आहेत.